नाव ठेवा, नावे ठेवू नका

(पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त चिंतन)



आपली मराठी भाषा मोठी गमतीची आहे. तिच्यात ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचा फरक आहे, पण अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर! बाळाच्या बाप्तिस्म्याआधी घरात महिना-महिना चर्चा चालते. आजीला संताचे नाव हवे असते, आईला अख्ख्या गावात कोणाचेच नसेल असे नाव हवे असते, आत्याने मोबाईलवर शोधून पन्नास नावांची यादी आणलेली असते आणि वडिलांना कोणी विचारतच नाही. अखेर एक नाव ठरते. बाप्तिस्म्याच्या वेळी ते मोठ्याने उच्चारले जाते आणि सर्वांचे डोळे भरून येतात.

पुढे तेच बाळ चौदा-पंधरा वर्षांचे होते. आता त्याच्या नावाने त्याला हाक मारायला कोणाला सवड नसते. ‘आळशी’, ‘ढ’, ‘रडतराऊ’, ‘कुंभकर्ण’... घरातला प्रत्येक जण त्याला एकेक पदवी बहाल करतो. म्हणजे नाव आपण एकदाच ठेवतो, नावे मात्र जन्मभर ठेवत राहतो!

आज पवित्र कुटुंबाचा सण. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली हा सण सुरू केला आणि १९२१ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तो साऱ्या ख्रिस्तसभेसाठी लागू केला. नाताळचा गोठा अजून आपल्या घरात आहे. फुग्यांचा डबा रिकामा होत आला आहे, पाहुणे परतू लागले आहेत आणि घरात आता आपणच उरलो आहोत. कुटुंबाविषयी बोलायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

गोठ्यातले कुटुंब आणि आपले कुटुंब

गोठ्यातल्या मूर्तींकडे पाहिले की मन शांत होते. मरिया हात जोडून बसलेली, योसेफ काठी घेऊन उभा, बाळ हसते आहे. एखादी गृहिणी त्यांच्याकडे पाहून मनात म्हणते, “मरियामातेचे ठीक आहे हो! तिचा मुलगा येशू आणि नवरा योसेफ. दोन दिवस माझ्या घरी येऊन राहा म्हणावे!”

पण बंधू-भगिनींनो, गोठ्यातल्या मूर्ती भांडत नाहीत याचे कारण त्या प्लास्टरच्या आहेत. खऱ्या पवित्र कुटुंबाविषयी संत लूक काय सांगतो ते पाहा. येशू बारा वर्षांचा असताना सर्व जण वल्हांडणासाठी यरुशलेमला गेले. परतीच्या वाटेवर मरिया आणि योसेफ यांना वाटले, तो सोबतच्या मंडळींत कुठेतरी असेल. पूर्ण दिवसभर ते चालले आणि मग लक्षात आले, मुलगा नाही! आपल्याकडे लग्नाच्या बसमध्ये नेमके हेच होते. बाबा समजतात तो मागच्या सीटवर मामाजवळ आहे, आई समजते तो पुढे बाबांजवळ आहे आणि मुलगा असतो हॉलवर, आईस्क्रीमच्या काउंटरपाशी!

तीन दिवसांनी येशू मंदिरात सापडला. मरियेने त्याला जाब विचारला. त्याने जे उत्तर दिले ते दोघांनाही समजले नाही, असे लूकच लिहितो. म्हणजे पवित्र कुटुंबातही माणसे हरवत होती, शोधत होती, रागावत होती आणि एकमेकांचे बोलणे नेहमी कळतच होते असे नाही. तरीही त्याच प्रसंगाच्या शेवटी लूक सांगतो की, येशू त्यांच्याबरोबर नासरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने, शरीराने, देवाच्या व माणसांच्या प्रसन्नतेत वाढत गेला. देवाच्या पुत्रालाही वाढायला घर लागले. चुकीच्या समजुतींसह, चिंतेसह, प्रेमासह चालणारे एक साधे घर.

मग आपल्या घरात माणसे वाढतात ती कशाने? आणि खुंटतात ती कशाने? आज या प्रश्नाचे उत्तर आपण बायबलमधल्या आणखी एका घरात शोधू या. या सणाच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी त्या घराची कथा वाचली जाते. ते घर अब्राहाम आणि सारा यांचे.

‘हसू’ नावाचा मुलगा

देवाने अब्राहामाला सांगितले की, सारेला मुलगा होईल. अब्राहामाचे वय जवळजवळ शंभर, सारेचे नव्वद. हे ऐकून अब्राहामाने काय केले? तो देवापुढे पालथा पडला आणि हसला! पालथे पडल्यामुळे चेहरा दिसत नाही, हा एक फायदा. पुढे तीन पाहुणे तंबूपाशी आले आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितले, तेव्हा सारा दाराआडून ऐकत होती. तीही मनात हसली. देवाने विचारले, सारा का हसली? ती घाबरली आणि म्हणाली, मी हसलेच नाही. त्यावर देवाने तिला शांतपणे सांगितले की, नाही, तू हसलीस.

किती घरगुती प्रसंग आहे हा! दाराआडून पाहुण्यांचे बोलणे ऐकणे, मनातल्या मनात हसणे, पकडले गेल्यावर ‘मी नाही त्यातली’ म्हणणे. यातले काय आपल्या घरात होत नाही?

आता गंमत पुढेच आहे. देव सारेच्या त्या अविश्वासाच्या हसण्यावर रागावून निघून गेला नाही. मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले गेले इसहाक. हिब्रू भाषेत या नावाचा अर्थ ‘तो हसतो’. ज्या हसण्याबद्दल सारा लाजली, तेच हसू देवाने तिच्या मांडीवर आणून ठेवले. रोज सकाळी मुलाला हाक मारताना तिला आठवत असेल, आपण हसलो होतो, देवाने आपल्यालाच हसवले! मुलगा झाल्यावर सारा म्हणते की, देवाने मला हसायला लावले आहे, आणि जो कोणी ऐकेल तोही माझ्याबरोबर हसेल. आधीचे हसणे दाराआडचे होते. आताचे हसणे सर्वांबरोबरचे आहे.

बंधू-भगिनींनो, विश्वासाच्या वाटेवरचा हा पहिला धडा आहे. आपल्या शंका, आपले वेडेवाकडेपण, आपले वय, आपली फजिती या सर्वांतून देव आनंद घडवू शकतो. चाळिशी उलटलेला माणूस गिटार शिकायला लागतो तेव्हा शेजारी खिडक्या बंद करतात. साठीतली आजी नातवाकडून मोबाईलवर मेसेज पाठवायला शिकते आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा मेसेज वाढदिवसाच्या ग्रुपवर जातो. हसायचेच! पण ती आजी पुन्हा प्रयत्न करते की नाही, हे आपण कसे हसलो यावर अवलंबून असते.

त्याच घरातले दुसरे हसणे

अब्राहामाच्या घराची कथा इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण बायबल खरे बोलते. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. त्या दिवशी सारेने पाहिले की, हागारेचा मुलगा इश्माएल हसतो आहे. मूळ हिब्रूत इथे ‘हसणे’ या धातूचेच रूप आहे, ज्यातून इसहाकाचे नाव आले. काही अभ्यासक म्हणतात, तो बाळाशी खेळत होता. काही म्हणतात, तो बाळाची चेष्टा करत होता. नेमके काय होते हे त्या शब्दावरून ठरवता येत नाही. आणि घराघरांतली अडचण तीच नाही का? “अहो, मी सहज गंमत केली!” असे एक जण म्हणतो आणि दुसऱ्याच्या काळजात सुरी गेलेली असते.

त्या एका हसण्यावरून घर फुटले. हागार आणि तिचा मुलगा, थोडी भाकर आणि पाण्याची एक पखाल घेऊन रानात हाकलले गेले. पाणी संपले. मुलाला झुडपाखाली ठेवून आई दूर जाऊन बसली, कारण त्याचे मरण तिला पाहवेना. तिने हंबरडा फोडला. आणि मग बायबल सांगते की, देवाने त्या मुलाचा आवाज ऐकला. देवाने हागारेचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली.

‘इश्माएल’ या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे. म्हणजे अब्राहामाला दोन मुलगे होते. एकाचे नाव ‘तो हसतो’ आणि दुसऱ्याचे नाव ‘देव ऐकतो’. घरात हसू राहिले, पण ऐकणे बाहेर गेले. केवढे दुःख आहे या एका गोष्टीत!

प्रिय बंधू-भगिनींनो, आजच्या चिंतनाचा गाभा मला इथेच सापडतो. घराला दोन्ही मुलगे हवेत. हसू हवे आणि ऐकणेही हवे. ज्या घरात हसू आहे पण ऐकणे नाही, तिथे गंमतीची टवाळी होते. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर सगळे हसतात आणि त्याला काय वाटते हे कोणी ऐकत नाही. आणि ज्या घरात फक्त गंभीरपणे ऐकणे, विचारणे, समजावणे चालते पण हसू नाही, त्या घराचे हळूहळू न्यायालय होते. मुले दारातून आत येताना साक्षीदारासारखी येतात.

कथेचा शेवट मात्र आशेचा आहे. अब्राहाम मेला तेव्हा त्याला मूठमाती द्यायला मखपेलाच्या गुहेपाशी दोन्ही मुलगे एकत्र आले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिले आहे. हसू आणि ऐकणे बापाच्या कबरीपाशी पुन्हा शेजारी उभे राहिले. आपल्यापैकी किती भावांची भेट अशीच केवळ अंत्यविधीला होते! तोपर्यंत थांबायचे कशाला?

एका शब्दाची गोष्ट

एका कुटुंबात घडलेली गोष्ट सांगतो. दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मिस्सामध्ये वाचन करायची त्याला फार आवड. एका रविवारी त्याच्या वाट्याला संत पौलाचे थेस्सलनीकाकरांस पत्र आले. आता हा शब्द भल्याभल्यांच्या जिभेची परीक्षा पाहतो! मुलगा तीनदा अडखळला. बाकांवर खसखस पिकली. त्याने कसेबसे वाचन संपवले.

चर्चमधले हसू दोन मिनिटांत विरले. घरातले विरले नाही. मामाने त्याचे नाव ‘थेस्स’ ठेवले. वाढदिवस असो, लग्न असो, “आमच्या थेस्सला बोलवा, भाषण करायला!” असे म्हणायचे आणि सगळ्यांनी हसायचे. मुलगाही हसायचा. लहान मुले अशा वेळी हसतात, कारण दुसरे काय करावे ते त्यांना कळत नसते. पण त्याने वाचनाच्या यादीत नाव देणे बंद केले. हळूहळू शाळेत उभे राहून उत्तर देणेही बंद केले. आईला वाटले, वयात येतो आहे. वडिलांना वाटले, मोबाईलमुळे.

हे ओळखले ते आजीने. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिने उपदेश केला नाही, मामाला रागावलीही नाही. एका सणाला सगळे जेवायला बसले असताना तिने पवित्र शास्त्र मागवले, चष्मा लावला आणि म्हणाली, “मला हा शब्द वाचायचाय. बघू, येतो का.” तिने वाचायला सुरुवात केली. थे... थेसल... थेसनील... सगळे हसू लागले, आजी सर्वांत जास्त. मग तिने पुस्तक मामाकडे सरकवले. “आता तू म्हण. भरभर तीनदा.” मामा दुसऱ्याच वेळेला घसरला! मग पुस्तक टेबलाभोवती फिरले. इंग्रजी माध्यमातली सूनबाई घसरली, बँकेतले काका घसरले. शेवटी पुस्तक त्या मुलाकडे आले. त्याने तो शब्द तीनदा स्वच्छ म्हणून दाखवला. कोणालाही न सांगता तो कितीतरी दिवस त्याचा सराव करत होता!

त्या दिवशी मुलगा खरा हसला. पुढच्या महिन्यात वाचकांच्या यादीत त्याचे नाव होते, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले.

बंधू-भगिनींनो, मामाचा विनोद आणि आजीचा विनोद शब्द एकच वापरत होते. फरक काय होता? मामा मुलाला हसत होता. आजीने स्वतःला हसून मुलासाठी जागा केली. आणि ती हसण्याआधी तिने काहीतरी ऐकले होते, मुलाचे गप्प होणे. या आजीच्या ठायी इसहाकही होता आणि इश्माएलही.

कुसळ, मुसळ आणि आपण

स्वतःला हसणे ही साधी गोष्ट नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ, हा येशूचा दृष्टान्त मराठीत म्हण होऊन बसला आहे. बायबल कधी हातात न घेतलेला माणूसही ती म्हण वापरतो. पण क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणा. एका माणसाच्या डोळ्यात अख्खे मुसळ आडवे अडकले आहे आणि तो दुसऱ्याला म्हणतो आहे, “थांब हं, हलू नकोस, तुझ्या डोळ्यातले कुसळ काढतो!” तो जवळ आला तर समोरच्याचे डोके फुटेल! येशूचे श्रोते हे ऐकून नक्कीच हसले असतील. सुईच्या नाकातून जाऊ पाहणारा उंट आणि चिलट गाळून उंट गिळणारे परूशी यांचे चित्रही तसेच आहे. आपण हे सारे इतक्या गंभीर चेहऱ्याने वाचतो की त्यातली गंमत निसटून जाते आणि तिच्याबरोबर शिकवणही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला अॅरिस्टॉटल शिकवताना एक गोष्ट सांगत, ती आजही उपयोगी पडते. त्याने सद्गुणांच्या यादीत विनोदबुद्धीलाही स्थान दिले. त्याच्या मते एका टोकाला असतो तो टवाळखोर, जो हशा मिळवण्यासाठी कोणालाही दुखवतो. दुसऱ्या टोकाला असतो तो तुसडा, जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्यांनाही हसू देत नाही. सद्गुण या दोहोंच्या मध्ये आहे. संत थॉमस अॅक्वायनस (१२२५-१२७४) यांनी हा विचार ख्रिस्ती शिकवणीत आणला. ते संत योहानाची जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काहींना धक्का बसला. तेव्हा त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला सांगितले आणि विचारले, असे सतत करत राहशील का? तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. योहान म्हणाला, माणसाच्या मनाचेही तसेच असते. अॅक्वायनस तर इथवर सांगतात की, ज्याच्याजवळ थोडीही गंमत नाही आणि जो दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यात दोष आहे. विरार लोकलला लोंबकळून संध्याकाळी घरी परतणाऱ्या आपल्या धर्मग्रामस्थांना ताणलेले धनुष्य म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको!

संसारी माणसांमध्ये या सद्गुणाचा मोठा आदर्श म्हणजे संत थॉमस मोर. इंग्लंडच्या राजाचे ते चॅन्सलर होते, चार मुलांचे वडील होते. त्यांचे घर विद्येसाठी जसे प्रसिद्ध होते तसेच हास्यविनोदासाठीही. सद्सद्विवेकाविरुद्ध शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाचा मचाण डळमळत होता. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याला वर चढायला हात द्यायची विनंती केली आणि म्हणाले की, खाली यायचे मी माझे बघून घेईन. मृत्यूच्या दारातही त्यांनी कोणाची टवाळी केली नाही, गंमत केली ती स्वतःची. विनोदबुद्धीसाठी त्यांच्या नावाने एक प्रार्थना प्रचलित आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पावित्र्याविषयीच्या आपल्या पत्रात तिची शिफारस केली. याच पोप महोदयांनी जून २०२४ मध्ये जगभरातल्या शंभरहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावून भेट दिली होती. विनोद माणसाला कमी लेखत नाही, असे त्यांनी त्यांना सांगितले.

पाठीवरची थाप

हसण्याबरोबर घराला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे चार शब्द कौतुकाचे. याबाबतीत आपण मराठी माणसे फार काटकसरी! एका घरातला संवाद ऐका. बायको म्हणते, “काल कालवणात मीठ जास्त पडले तेव्हा तुम्ही तीन वाक्ये बोललात. आज सगळे बरोबर आहे तर एकही नाही?” नवरा म्हणतो, “बरोबर आहे म्हणूनच बोललो नाही!” आणि आणखी भात वाढून घेतो. त्याच्या हिशेबी ते कौतुकच असते. पण ते तिच्यापर्यंत पोचायला भाताबरोबर एखादा शब्दही लागतो. आमच्या कुटुंबांचे व्हॉट्सअॅप ग्रुप पाहिले तर रोज सकाळी फुलांसहित शुभेच्छांचा पाऊस असतो. एकाच छपराखाली राहणारी माणसे एकमेकांना तिथे ‘गुड मॉर्निंग’ पाठवतात आणि चहाच्या टेबलावर मात्र मौनव्रत!

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात योसेफ नावाचा सायप्रसचा एक गृहस्थ आहे. प्रेषितांनी त्याला टोपणनाव दिले ‘बर्णबा’, म्हणजे उत्तेजनाचा पुत्र. बघा, प्रेषितांनीही टोपणनाव ठेवले, पण कसले! मनुष्याच्या दोषावरून नव्हे, गुणावरून. आणि तो त्या नावाला जागला. शौल नुकताच बदलला होता, सगळे शिष्य त्याला घाबरत होते, तेव्हा बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेले. पुढे तरुण मार्क एका प्रवासातून अर्ध्यावर परत फिरला. पौलाला तो पुन्हा बरोबर नको होता. त्यावरून पौल आणि बर्णबा यांचे इतके कडाक्याचे भांडण झाले की दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्कला आपल्याबरोबर घेतले. अनेक वर्षांनंतर पौलाच्याच नावाच्या पत्रात लिहिले आहे की, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. ख्रिस्तसभेची परंपरा सांगते की, दुसरे शुभवर्तमान याच मार्कने लिहिले. ‘अर्ध्यावर पळालेला’ हे नाव त्याला जन्मभर चिकटू शकले असते. एका माणसाने ते चिकटू दिले नाही.

आपल्या घरात एखादा मार्क आहे का? दहावीत नापास झालेला, नोकरी सोडून घरी बसलेला, लग्न मोडून माहेरी परतलेली? त्यांच्यासाठी बर्णबा कोण होणार?

एक सावधगिरी

सगळे दुःख हसून घालवता येते, असे मात्र मी म्हणत नाही. काही घरांत दारू आहे, मारहाण आहे. काही घरांत कोणाचे मन आतून अंधारून आले आहे. नाताळच्या टेबलावर या वर्षी एक खुर्ची रिकामी राहिलेली घरेही आहेत. तिथे ‘हसा हो, सगळे ठीक होईल’ असे म्हणणे म्हणजे हागारेला रानात विनोद सांगण्यासारखे आहे. तिला विनोदाची नव्हे, ऐकणाऱ्याची आणि पाण्याची गरज होती. अशा वेळी इसहाक थोडा मागे थांबू द्या, इश्माएल पुढे येऊ द्या. जवळ बसा, ऐका, डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्यायला लाजू नका. आपल्या चर्चचे आणि माझे दार त्यासाठी केव्हाही उघडे आहे. हसू आपल्या वेळेला परत येते. सारेला त्यासाठी नव्वद वर्षे थांबावे लागले!

या आठवड्यासाठी

नवीन वर्ष दारात आहे. मोठमोठे संकल्प फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाहीत, म्हणून तीन लहान गोष्टी सुचवतो.

पहिली: रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रत्येकाने दिवसभरातली स्वतःची एक फजिती सांगावी. दुसऱ्याची नव्हे, स्वतःची! सुरुवात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने करावी. आईवडील चुकतात आणि तरीही जिवंत राहतात, हे मुलांना कळू द्या.

दुसरी: घरातल्या कोणाला दुखवणारे एक टोपणनाव या आठवड्यात कायमचे सोडून द्या. कोणते, हे ठाऊक नसेल तर ज्याला ते चिकटवले आहे त्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

तिसरी: संध्याकाळी रोझरीच्या वेळी शेवटी घरातल्या प्रत्येकाचे बाप्तिस्म्याचे नाव घेऊन त्याच्या एका गुणासाठी देवाचे आभार माना. रोझरीत कुकरची शिट्टी झाली, आजोबांना तिसऱ्या रहस्यातच डुलकी लागली किंवा धाकट्याला मध्येच हसू फुटले, तर रागावू नका. ज्या मरियेने आपल्या मुलाला तीन दिवस शोधले तिला घराची धांदल ठाऊक आहे.

चला, प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू नासरेथच्या घरात वाढलास. आमच्या घरांनाही माणसे वाढवणारी घरे कर. आमच्या तोंडी कोणाला न दुखवणारे हसू दे आणि आमच्या कानांना न बोललेले ऐकण्याची कृपा दे. आम्हांला स्वतःच्या डोळ्यातले मुसळ पाहून हसता येऊ दे. ज्यांना आम्ही नावे ठेवली त्यांना पुन्हा त्यांच्या नावाने हाक मारण्याचे धैर्य दे. रडणाऱ्यांचे रडणे तू ऐक, आणि योग्य वेळी त्यांना सारेप्रमाणे सर्वांबरोबर हसव. आमेन.

आपणां सर्वांना व आपल्या कुटुंबीयांना पवित्र कुटुंबाच्या सणाच्या आणि नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!

आपला,
धर्मगुरू